चार इंचांची रेघ

लॅडी व्होंद्राकडे कुणी गप्पा मारायला जात नाही. त्याच्याकडे लोक वजन करायला जातात. आमच्या प्रोकोप गावच्या धान्य सोसायटीत गेली चौतीस वर्षं तो ट्रकच्या काट्यावर बसतो. त्याच्या खिडकीसमोर गाडी उभी राहिली की आतला ड्रायव्हर नकळत पोट आत घेतो. एकदा डीन हावरानेक मक्याने भरलेली गाडी घेऊन आला, शेजारच्या सीटवर कुत्रा. मका ओतून झाला, रिकामी गाडी पुन्हा काट्यावर आली, आणि लॅडी खिडकीतून वाकून म्हणाला, "कुत्रा कुठाय?"

"मांजरामागं पळाला. येईल घरी."

"येताना होता. जाताना पण पाहिजे."

"अरे लॅडी, पंचेचाळीस पौंडांचं जनावर ते!"

"मग तेवढा मका तू आणलेला नाहीस."

कुत्रा सापडायला अर्धा तास लागला. मागे अकरा ट्रक खोळंबले होते, ऐन मक्याच्या हंगामात. एकानेही हॉर्न वाजवला नाही. कारण खिडकीत लॅडी होता आणि उद्या प्रत्येकाला त्याच काट्यावर यायचं होतं.

अशा माणसाच्या हातात गावाने फुटबॉलची साखळी दिली नसती तरच नवल. छातीशी लांबट चेंडू धरून पळायच्या या खेळाचा सगळा मामला एका वाक्यात सांगता येतो: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरका, नाहीतर चेंडू समोरच्याला देऊन टाका. ते दहा यार्ड म्हणजे नक्की किती, हे सांगणारी साखळी दोन काठ्यांना बांधलेली असते. शाळेच्या मैदानावर दर शुक्रवारी संध्याकाळी मागची काठी लॅडीकडे, पुढची ड्वेन कुहारकडे. दोघांच्या अंगात नारिंगी जाकिटं. लॅडीचं जाकीट आर्लिस, त्याची बायको, दर गुरुवारी धुऊन इस्त्री करून ठेवते. सत्तावीस वर्षं झाली. इस्त्रीने त्याचा नारिंगी रंग जर्दाळूवर आला आहे.

साखळीवाल्याने ओरडायचं नसतं. टाळी वाजवायची नसते. आपला संघ असो, नसो, तिथे त्याला तोंड नसतं. लॅडीचा थोरला पोरगा कोरी याने एका सामन्यात शेवटच्या मिनिटाला चेंडू शेवटच्या रेघेपार नेला, तेव्हा सगळं गाव एकमेकांच्या अंगावर पडत होतं आणि लॅडी काठी धरून कुंपणाच्या खांबासारखा उभा होता. "एवढा गोठलेला बाप मी आयुष्यात पाहिला नाही," असं डॉटी अजून सांगते. डॉटी म्हणजे आमच्या चौकातल्या खानावळीची मालकीण. आर्लिसने मात्र त्या दिवशी दोघांच्या वाटणीचं ओरडून घेतलं होतं, आणि तीन दिवस तिचा आवाज बसला होता.

साखळीपेक्षाही नाजूक काम चिमट्याचं. चेंडू दहा यार्ड गेला की नाही याची शंका आली तर साखळी कडेवरून उचलून मैदानाच्या मध्ये न्यावी लागते. ती कडेवर जिथे होती, अगदी त्याच रेषेत आत पडावी म्हणून मैदानावर दर पाच यार्डांना जी पांढरी रेघ मारलेली असते, तिच्यावर साखळीला एक चिमटा लावून ठेवतात. रेघ चार इंच रुंद. म्हणून चिमटा रेघेच्या मागच्या कडेला लावायचा आणि मैदानात नेल्यावर मागच्याच कडेला टेकवायचा. मागची कड म्हणजे ज्या बाजूने चेंडूवाला संघ येतो आहे ती. साधी गोष्ट आहे. फक्त, सामन्याच्या दर पावहिश्शानंतर संघ बाजू बदलतात, आणि मग मागचं ते पुढे होतं.

हॅन्सेनव्हिलविरुद्धच्या सामन्यात शेवटची दोन मिनिटं उरली होती. आपण तीन गुणांनी मागे. चौथा, शेवटचा प्रयत्न. हवा होता फक्त एक यार्ड.

"मध्यातून घालणार," ड्वेन ओठ न हलवता पुटपुटला. कडेला उभं राहून ओठ न हलवता बोलण्यात ड्वेनचा हात कुणी धरणार नाही.

लॅडीने सत्तावीस वर्षांत अशा वेळी उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक.

"बाजूनं," तो म्हणाला. "पोरगा बाजूनं पळवणार बघ."

"येडा आहेस का?"

आणि पोरगा बाजूने पळाला! कोच ओक्सने चेंडू खरोखरच मागे, बाजूला फेकायला लावला. पोरगं कड धरून पळत सुटलं, आणि पुढच्या काठीच्या आसपास कुठेतरी तिघांच्या खाली दबलं. पंच ढिगाऱ्यात शिरला. चेंडू ठेवला. मोजायला पाहिजे, अशी खूण झाली. लॅडी काठी घेऊन आत धावला तो ड्वेनला सांगतच, "म्हटलं नव्हतं? म्हटलं नव्हतं?" पंच अॅम्स्लर चिमटा हातात धरून रेघेपाशी वाकला होता. त्याने विचारलं, "कुठली कड, लॅडी?"

"स्कोअरबोर्डकडची," लॅडीने सांगितलं आणि पुन्हा ड्वेनकडे वळला.

साखळी ताणली. चेंडूचं नाक काठीच्या दोन बोटं अलीकडे राहिलं. सामना गेला.

*

शनिवारी सकाळी सात वाजता डॉटीकडे उभं राहायलाही जागा नव्हती. शोकसभेला माणसं जमतात तशी जमली होती, फक्त शोकसभेत गेलेल्याबद्दल चांगलं बोलतात.

"एक यार्ड!" व्हर्जिल स्ट्रोह टेबलावर मूठ आपटून म्हणाला. व्हर्जिल निवृत्त पोस्टमन. पन्नास वर्षांपूर्वी तो शाळेच्या संघातून एक मोसम खेळला, त्यानंतर तो मोसम संपलेला नाही. त्याचा डावा गाल सुजून पावासारखा फुगला होता आणि त्यावर त्याने गार पाण्याचा ग्लास दाबून धरला होता. "एक यार्ड हवा होता! डॉटीची सासू वॉकरसकट पुढं पडली असती तरी एक यार्ड झाला असता!"

"तिला जाऊन चार वर्षं झाली, व्हर्जिल," डॉटी कॉफी ओतता ओतता म्हणाली.

"तरी झाला असता!"

"पाच पोरं आहेत आपली पुढं," कुत्र्यावाला डीन म्हणाला. "एकेक म्हणजे गोठ्याचं दार. त्यांच्या मागं मान खाली घालून घुसायचं, संपलं. आणि हा आपला मास्तर काय करतो? पोराला पंधरा यार्ड आडवा पळवतो. कशासाठी? तर एक यार्ड पुढं जायला! काखेत कळसा नि गावाला वळसा."

"बीजगणित शिकवतो ना तो," व्हर्जिल म्हणाला. "त्याला सरळ उत्तर पाप वाटतं."

"नापास डाव!"

"आणि वर तो अॅम्स्लर! पोरगं पोचलं होतं. माझ्या या डोळ्यांनी पाहिलं," डीन म्हणाला. "चांगला हातभर पुढं पोचलं होतं, आणि त्या दातपाडूनं चेंडू मागं आणून ठेवला."

टॅबोरटनला, अठरा मैलांवर, डॉक्टर क्वेंटिन अॅम्स्लरचा दवाखाना आहे. आठवडाभर तो आमच्या अख्ख्या तालुक्याचे दात बघतो, आणि शुक्रवारी पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घालून पंच म्हणून उभा राहतो.

"थांबा जरा," डॉटी म्हणाली. "पोरगं पोचलं होतं तर डाव वाईट कसा? आणि डाव वाईट होता तर पोरगं पोचलं कसं?"

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. व्हर्जिल दयेने म्हणाला, "डॉटी, हे खेळातलं आहे. तू खसखस भरलेला कोलाची बन आण."

"दोन. मी पण उपाशी आहे," डीन म्हणाला. "सोमवारी माझ्या पोरीची दातांच्या तारांची वेळ होती अॅम्स्लरकडं. फोन करून रद्द केली."

"मी पण केली," व्हर्जिल म्हणाला.

"तुझी दाढ रे?"

"दाढ राहील," व्हर्जिल ग्लास गालावर दाबत म्हणाला, "पण तत्त्वही राहील."

टाळ्या पडल्या. या सगळ्या वेळात लॅडी कोपऱ्यात बसून दूध न घातलेली कॉफी पीत होता. सामन्याबद्दल तो बोलत नाही हे सगळ्यांना माहीत, त्यामुळे त्याला कुणी विचारलं नाही. मग व्हर्जिलने साखरेच्या पुड्या मांडायला घेतल्या. पाच पुड्या आपली पोरं. मिरपुडीची बाटली म्हणजे तो बिचारा पळणारा. टेबलाच्या मधोमध चाकू आडवा ठेवला.

"ही रेघ. आपण असे चाललोय. इकडून तिकडं. डीन, तो नॅपकिनचा डबा सरकव. नाही, तिकडं, आपल्या पुढं. तो स्कोअरबोर्ड."

"स्कोअरबोर्ड मागं होता आपल्या," डीन म्हणाला.

"तो तिसऱ्या पावहिश्शात. चौथ्यात बाजू बदलली. चौथ्यात आपण स्कोअरबोर्डकडंच चाललो होतो."

लॅडीचा कप बशीवर टेकला, तो वाकडा. कॉफी सांडली. तो नॅपकिनच्या डब्याकडे पाहत राहिला, मग चाकूकडे, मग चाकूच्या पात्याच्या त्या बाजूकडे जी डब्याकडे होती. आपल्या संघाच्या पुढची बाजू.

रेघ चार इंचांची. चेंडू दोन बोटं अलीकडे.

"लॅडी, पुसायला देऊ का?" डॉटी म्हणाली.

"नको," तो म्हणाला. पण त्याची बाही कॉफीत भिजत होती आणि त्याचं लक्ष नव्हतं.

तेवढ्यात डीनने एक पाटी फिरवली, कागद लावलेली. अॅम्स्लरला पुन्हा प्रोकोपच्या सामन्यांना पाठवू नये, अशी राज्याच्या पंच मंडळाला विनंती. सह्यांसाठी तीन पानं जोडली होती.

"पहिली सही लॅडीची," व्हर्जिल म्हणाला. "तू तिथं हातभर अंतरावर उभा होतास. तुझ्या शब्दाला वजन आहे."

लॅडीने पेन घेतलं. खाली ठेवलं. "सोमवारी करतो," म्हणाला. "सभेत."

*

घरी गेल्यावर त्याने आर्लिसला सांगितलं. ती भोपळा कापत होती. सुरी अर्ध्यात थांबली.

"नक्की?"

"नक्की."

"ड्वेनला माहीत आहे?"

"ड्वेनला रेघेला दोन कडा असतात हे माहीत नाही."

"मग तुझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही." आर्लिसने सुरी पुन्हा चालवली. "सांगितलंस तर साखळी जाईल, लॅडी. तुला मैदानात पाय ठेवू देणार नाहीत. आणि त्याविना शुक्रवारी तू काय करणार आहेस? घरात बसून माझं वजन करशील."

रविवारी चर्चहून आल्यावर त्याने कपडेही बदलले नाहीत, सरळ टॅबोरटनला गेला.

डॉक्टर अॅम्स्लर शिडीवर चढून पन्हळीतली पानं काढत होते. खाली उतरले नाहीत. वरूनच म्हणाले, "या लॅडी. दात?"

"नाही. कड."

अॅम्स्लरने मूठभर ओली पानं खाली टाकली. मग सावकाश उतरले. "मला ते शुक्रवारीच कळलं," ते म्हणाले. "गाडी चालवताना. रेल्वेच्या फाटकाजवळ. स्कोअरबोर्ड, आणि चौथा पाव. असा ब्रेक दाबला की मागचा ट्रकवाला शिव्या देऊन गेला."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"काय बोलायचं? कड ठरवायची जबाबदारी माझी. तुम्हाला विचारलं ती माझी सवय. चौदा वर्षं तुम्ही चुकला नाहीत म्हणून मी बघणं सोडून दिलं होतं. नियमाप्रमाणं चूक पंचाची."

"मी सांगितलं ना चुकीचं!"

"लॅडी, नियमाच्या पुस्तकात साखळीवाल्याच्या चुकीला कलमच नाही. साखळीवाले म्हणजे..." अॅम्स्लर शब्द शोधत होते. चांगला माणूस असल्याने त्यांना शोधावा लागत होता. "मदतनीस. काठी धरणारे. तुमची चूक होऊच शकत नाही."

लॅडीच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते अॅम्स्लरने दवाखान्याच्या खुर्चीत अनेकदा पाहिलेलं असणार. सत्तावीस वर्षं इस्त्रीचं जाकीट घालून, पोटच्या पोरासाठीही टाळी न वाजवता उभा राहिलेला माणूस. आणि पुस्तकात त्याच्या नावाला चूक करण्याएवढीसुद्धा जागा नव्हती.

"माझीच चूक आहे," तो हट्टाने म्हणाला, जणू कुणी ती त्याच्याकडून हिसकावून घेत होतं.

"बरं. तुमची. पण सांगू नका. माझ्याकडच्या अकरा जणांच्या वेळा रद्द झाल्यात. दात दुखायला लागले की परत येतील, दातांना अभिमान नसतो. तुम्हाला मात्र ते साखळीला हात लावू देणार नाहीत."

"ते मला कळतं."

"मग?"

"कुणी गाडी आणली आणि मी वजन चुकीचं सांगितलं," लॅडी म्हणाला, "तर मी काटा चुकला म्हणून गप्प बसू?"

*

सोमवारी संध्याकाळी शाळेच्या जेवणघरात संघाच्या पाठीराख्यांच्या मंडळाची सभा. पोरांच्या बुटक्या बाकांवर मोठमोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली होती. कोच ओक्स पहिल्या बाकावर एकटाच, दोन्ही बाजूंना जागा रिकामी. वय एकोणतीस. आदल्या दोन रात्री झोपला नसावा.

व्हर्जिल अध्यक्ष. गालाला मफलर बांधला होता, त्यामुळे अर्धे शब्द मफलरमध्येच राहत होते. "विषय पहिला," तो म्हणाला. "अॅम्स्लर. विषय दुसरा. एक यार्ड हवा असताना बाजूनं पळवण्याच्या मूर्खपणाबद्दल खुलासा. पहिला विषय. लॅडी, सही."

लॅडी उभा राहिला. पाटी घेतली नाही.

"अॅम्स्लरनं चेंडू बरोबर ठेवला होता," तो म्हणाला. "चिमटा चुकीच्या कडेला टेकला. मी त्यांना स्कोअरबोर्डकडची सांगितली. ती पुढची होती. साखळी चार इंच पुढं गेली. आपल्याला यार्ड मिळाला होता. वर दोन बोटं शिल्लक होती. चूक माझी."

एवढं बोलून तो बसला. सामन्याबद्दल त्याने चार माणसांत बोलायची ही पहिलीच वेळ होती.

कुणीतरी बाकावरून घसरलं. पहिला बोलला कोच ओक्स. तो ताडकन उठला. त्याचे डोळे लकाकत होते. "थांबा! म्हणजे... म्हणजे माझा डाव चालला होता!"

इथेच लॅडीचं मुसळ केरात गेलं.

कारण तोवर लोकांच्या चेहऱ्यावर हळहळ होती, एकदोघे लॅडीच्या पाठीवर हात ठेवायला उठतही होते. पण ओक्सचं वाक्य ऐकलं आणि प्रत्येकाला हिशेब दिसला. लॅडी खरा असेल तर पंच निर्दोष. तेही चाललं असतं. पण लॅडी खरा असेल तर बाजूने पळवणं बरोबर होतं, आणि शनिवारी सातपासून सोमवारी सातपर्यंत या खोलीतला प्रत्येक माणूस, बायकोजवळ, न्हाव्याजवळ, चर्चच्या पायरीवर, छातीठोकपणे जे बोलला ते सगळं बाद.

"लॅडी," व्हर्जिल मऊ आवाजात म्हणाला, "तू दमला आहेस. हंगाम आहे. दिवसाला दोनदोनशे ट्रक तोलतोस."

"दमलो नव्हतो."

"माणसाला मागाहून काहीबाही वाटतं," डीन म्हणाला. "माझी आत्या म्हणायची, आगगाडी तिच्यामुळं उशिरा आली."

"डीन, मी चिमटा..."

"आणि तू रविवारी टॅबोरटनला कशाला गेला होतास?" मागून कुणीतरी ओरडलं. "माझ्या मेहुणीनं तुझी गाडी पाहिली. त्या दातपाडूच्या दारात!"

"अच्छा!" खोली म्हणाली.

"काय केलं रे त्यानं तुझं? कवळी फुकट बसवतोय?"

लॅडी पुन्हा उठला. "माझे सगळे दात माझे आहेत," तो म्हणाला, आणि ते दाखवण्यासाठी त्याने खरोखर तोंड उघडलं. हसू फुटलं, पण चांगलं हसू नव्हतं ते.

व्हर्जिलने मफलर सारखा केला. "आपण लोकशाही पद्धतीनं जाऊ. लॅडी व्होंद्रा आपला माणूस आहे. सत्तावीस वर्षांत चुकलेला नाही, तो शुक्रवारीही चुकला नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावेत."

हातांचं रान उभं राहिलं. एकतीस. ड्वेनचाही होता. विरुद्ध मतं दोन: कोच ओक्स आणि लॅडी स्वतः.

"झालं," व्हर्जिल प्रेमाने म्हणाला. "तू निर्दोष आहेस, लॅडी. शुक्रवारी वेळेवर ये."

लॅडीने पिशवीतून जाकीट काढलं. आर्लिसने त्या दिवशीही इस्त्री केली होती. तिला अंदाज होता. त्याने ते अध्यक्षांच्या टेबलावर ठेवलं.

"माप हात वर करून ठरत असेल," तो म्हणाला, "तर साखळी कशाला आत न्यायची? दर वेळी गावाला विचारा की, पोचला का म्हणून."

तो गेला. विषय दुसरा रात्री साडेनऊपर्यंत चालला.

*

अॅम्स्लरला मंडळाने आमच्या सामन्यांवरून काढलं. एकतीस सह्या म्हणजे थोड्या नव्हेत. पुढच्या शुक्रवारी त्यांच्या जागी एक नवी पंच आली, चष्मा लावणारी, कामाला चोख बाई. लॅडीची मागची काठी घ्यायला कुणी तयार होईना. तेव्हा डॉटी म्हणाली, "सगळ्यात जास्त कळतं कुणाला?" आणि व्हर्जिलला जाकीट चढवावं लागलं. पोटावर ते मिटत नव्हतं.

लॅडी तिसऱ्या रांगेत आर्लिसशेजारी घोंगडी पांघरून बसला. हातांचं काय करावं त्याला कळत नव्हतं. शेवटी त्याने थर्मास दोन हातांनी उभा धरला.

खाली व्हर्जिल प्रत्येक डावाआधी कोचला मोठ्याने सल्ला देत होता. पंचबाईंनी त्याला दोनदा सांगितलं, "काका, साखळीवाल्यानं बोलायचं नसतं." तो म्हणाला, "मी बोलत नाहीये, सांगतोय."

शेवटचं मिनिट. आपण एका गुणाने पुढे. चेंडू पाहुण्यांकडे, चौथा प्रयत्न, एक यार्ड बाकी. त्यांनी मान खाली घातली आणि मध्यातून घुसले. मोठा ढीग झाला. मोजायला हवं अशी खूण झाली. काठ्या आत गेल्या. पंचबाई चिमटा धरून रेघेपाशी वाकल्या आणि नियमाने, सवयीने, काहीही असो, विचारलं, "चिमटा कुठल्या कडेला लावला होतात?"

व्हर्जिलने रेघेकडे पाहिलं. मग स्कोअरबोर्डकडे. मग दहा यार्डांवर उभ्या ड्वेनकडे, ज्याने खांदे उडवले. मग तो वळला, स्टँडकडे तोंड केलं आणि सगळ्या गावादेखत हाक मारली:

"लॅडी! कुठली रे?"

"स्टँडला विचारायचं नाही!" पंचबाई ओरडल्या. "तुम्ही सांगा!"

"त्याला विचारून सांगतो ना!"

सगळी डोकी तिसऱ्या रांगेकडे वळली. मागच्या रांगेतून डीन लॅडीच्या कानाशी वाकला. त्याच्या तोंडाला पॉपकॉर्नच्या लोण्याचा वास होता. "पुढची म्हण," तो कुजबुजला. "फक्त पुढची म्हण, लॅडी. चार इंचांचा प्रश्न आहे."

लॅडीने व्हर्जिलला चिमटा लावताना पाहिलं होतं. बघितल्यावाचून त्याला राहवलं नव्हतं. मागच्या कडेलाच लावला होता. व्हर्जिलकडून नकळत एक काम बरोबर झालं होतं. पाहुणे या पावात स्कोअरबोर्डकडून इकडे येत होते.

तो उभा राहिला. घोंगडी पायाशी पडली.

"मागची," तो म्हणाला. "स्कोअरबोर्डकडची. ह्या वेळी तीच मागची आहे."

पंचबाईंनी तोवर स्वतःच दिशा पाहून चिमटा तिथेच टेकवला होता. साखळी ताणली गेली. चेंडूचं नाक काठीच्या पुढे, बोटभर. पाहुण्यांना नवे चार प्रयत्न मिळाले, आणि दुसऱ्यातच त्यांनी सामना नेला.

मग जे झालं ते प्रोकोपने पूर्वी कधी केलं नव्हतं. आपल्याच स्टँडने आपल्याच तिसऱ्या रांगेची हुर्यो उडवली. "आंधळा!" "विकला गेला!" "साखळी हातात नाही तरी हरवलंस!" कुणीतरी पॉपकॉर्नचा डबा फेकला. तो आर्लिसच्या टोपीला लागला. ती उठून मागे वळली, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून पुढचा डबा फेकायचा राहिला.

"चुकलास तर एकतीस जणांनी सोडलं," ती खाली बसत म्हणाली. "आज बरोबर सांगितलंस तर बघ."

लॅडीने तिच्या टोपीवरचे पॉपकॉर्न झटकले. मग म्हणाला, "अॅम्स्लर हे दर शुक्रवारी ऐकतात. चौदा वर्षं."

"मग?"

"काही नाही. माणसाला जमतं म्हणजे."

डिसेंबरात, शेवटचा मका तोलून झाल्यावर, त्याने टॅबोरटनला फोन केला. व्हर्जिलची दाढ तोवर निघाली होती. तत्त्वाने नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दम धरला. डॉक्टरांनी विचारलं, "दात?" लॅडी म्हणाला, "नाही. पंचांची परीक्षा कधी असते?"

वयाच्या एकसष्टाव्या वर्षी तो परीक्षेला बसला. आर्लिसने पट्ट्यांच्या शर्टाला इस्त्री करून ठेवली होती, निकालाआधीच. शंभर प्रश्न. अठ्ठ्याण्णव बरोबर आले. एवढे या भागात कुणाचे आले नव्हते, असं अॅम्स्लर सांगत होते.

उरलेल्या दोन प्रश्नांबद्दल लॅडीने मंडळाला पत्र पाठवलं आहे. साडेचार पानी आहे. सोबत पेन्सिलीने काढलेल्या दोन आकृत्या आहेत. उत्तरं आपली बरोबरच होती, आणि तपासणाऱ्याने डोळे मिटून तपासली, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. खाली पहिली सही त्याची, दुसरी आर्लिसची. तिसऱ्या सहीसाठी तो डॉटीकडे गेला होता, तशीच कागद लावलेली पाटी घेऊन.